मधला आकडा

४.९ मोठी की ४.१०? वर्गात हा प्रश्न विचारला तर दशांश अपूर्णांक नीट शिकलेली मुले ४.९ मोठी असे सांगतील, आणि त्यांचे उत्तर बरोबरच असेल. हाच प्रश्न एखाद्या संगणक-प्रोग्रामरला विचारला तर तो न अडखळता ४.१० असे सांगेल. त्याच्या लेखी हा अपूर्णांक नाहीच. पुस्तकातील चौथ्या प्रकरणाच्या नवव्या आणि दहाव्या भागाला आपण ४.९ आणि ४.१० असे क्रमांक देतो, तशीच ही नोंद आहे. टिंबाच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र पूर्णांक असतात. (कधी कधी संगणकही येथे फसतो. यादी केवळ अक्षरक्रमाने लावली तर ४.१० ही ४.२ च्या आधी येऊन बसते.)

आज्ञावलींच्या नावापुढे बहुधा असे तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४.१०.२. त्यांचा अर्थ शिक्षकांना पाठ्यपुस्तकांवरून चटकन कळेल. तिसरा आकडा म्हणजे पुनर्मुद्रण. त्यात फक्त छपाईच्या चुका सुधारलेल्या असतात. पहिला आकडा बदलला म्हणजे अभ्यासक्रमच बदलला. जुनी टाचणे बाद. मधला आकडा म्हणजे सुधारित आवृत्ती. काही नवे धडे आले, पण जुने शिकवणे अडू नये अशी अपेक्षा. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी या संकेताचे नियम नेमकेपणाने लिहून काढले. त्यांतला मधल्या आकड्याचा नियम थोडक्यात असा, की नवे काही द्या, पण जुने मोडू नका.

हा नियम पाळणे वाटते तितके सोपे नाही. ते का, हे पाहण्यासाठी आम्ही येथे एक खरे उदाहरण घेतले आहे. ते आहे अपाची कॅमल या नावाच्या जावा भाषेतील चौकटीचे.

निरोप्याचे काम

समजा, एका शिक्षणसंस्थेच्या वीस शाळा आहेत. पालक फी बँकेत भरतात. बँक रोज रात्री दिवसभराच्या भरण्याची यादी एका फाइलच्या रूपाने पाठवते. संस्थेच्या हिशेबाच्या आज्ञावलीला हीच माहिती वेगळ्या मांडणीत हवी असते. पालकांना पावतीचा ई-मेल जायला हवा, आणि विद्यार्थ्यांची नोंद आणखी तिसऱ्याच ठिकाणी आहे. या सर्वांच्या मध्ये निरोप्याचे काम करणारी एक आज्ञावली लागते. येथून घे, तुकडे कर, प्रत्येकाचे रूप बदल, तेथे पोचव, पोचले नाही तर पुन्हा प्रयत्न कर, असे तिचे काम.

असे निरोपे जगभर लिहिले जात होते, आणि प्रत्येकजण तेच ते पुन्हा लिहीत होता. ग्रेगोर होपे आणि बॉबी वुल्फ यांनी २००३ साली एका पुस्तकात या कामाच्या ६५ रीती नावे देऊन नोंदवल्या. या रीती तयार स्वरूपात देणारा अपाची कॅमल हा मुक्त-स्रोत प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. प्रोग्रामरने फक्त मार्ग लिहायचा, म्हणजे अमुक फोल्डरपासून, ओळीओळीने तोडून, तमुक ठिकाणापर्यंत. बाकीची मेहनत कॅमलची. निरनिराळ्या यंत्रणांशी बोलण्यासाठी त्याच्याकडे तीनशेहून अधिक जोडण्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच जोडण्या इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांच्या आधाराने चालतात. म्हणून कॅमलची मधल्या आकड्याची नवी आवृत्ती घेतली की तिच्याबरोबर अशा कित्येक लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्याही आपल्या घरात येतात. कॅमलने कितीही वचने दिली तरी त्या सर्वांच्या वतीने तो वचन कसे देणार?

न दिलेले वचन

पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे येऊ. "बेचाळीसावे पान उघडा," असे आपण वर्गात सांगतो. पान क्रमांक कायम राहतील असे वचन प्रकाशकाने कधीच दिलेले नसते. सुधारित आवृत्तीत एक चित्र मोठे झाले की धडा त्रेचाळिसाव्या पानावर जातो, आणि निम्म्या वर्गाकडे जुने व निम्म्याकडे नवे पुस्तक असेल तर गोंधळ उडतो. दोष कोणाचा? तसे पाहिले तर कोणाचाच नाही. आज्ञावलींच्या जगात ही गोष्ट हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. वापरणारे पुरेसे असले, की आज्ञावलीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागणुकीवर कोणी ना कोणी विसंबून राहतो. मग तिचे वचन दिलेले असो वा नसो.

कॅमलच्या २०२२ मधील ३.१७ या आवृत्तीत नेमके असेच घडले. संदेशाचा मजकूर दोन प्रकारांनी हाती येतो. कधी तो कागदावरच्या चिठ्ठीसारखा असतो; कितीही वेळा वाचावा. कधी तो नळाच्या पाण्यासारखा वाहता असतो. एकदा वाचला की संपला. तपासणीसाठी मार्गाच्या मध्ये "आलेला मजकूर नोंदवहीत लिही" अशी एक ओळ घातली, की वाहता मजकूर नोंदवहीत उमटे आणि पुढच्या टप्प्याला रिकामा संदेश मिळे. नवशिके चक्रावून जात. पाहायला गेले की बिघडते, पाहिले नाही तर सुरळीत चालते! वाहता मजकूर भांड्यात भरून ठेवण्याची सोय कॅमलमध्ये होती, पण ती मुद्दाम चालू करावी लागे. ३.१७ पासून ती आपोआप चालू राहू लागली.

आमच्या मते हा बदल योग्यच होता. पण भांड्याला जागा लागते. मोठा मजकूर डिस्कवर उतरवून ठेवण्याची सोय वेगळी चालू करावी लागते. ती केली नाही तर सगळा मजकूर मेमरीत साठतो. शेकडो मेगाबाइटचे संदेश वाहते ठेवून थोड्याशा मेमरीत काम भागवणाऱ्याला ही सुधारणा अडचणीची ठरू शकते. एका ओळीने ती बंद करता येते, पण त्यासाठी ती चालू झाली आहे हे आधी कळायला हवे. आपल्या आज्ञावलीचे एक अक्षरही बदललेले नसते, आणि कंपाइल करताना कसलीही तक्रार येत नाही.

याच्या उलट, काही बदल पहिल्या क्षणीच आरडाओरडा करतात. कॅमल ३.१४ ही जावा ८ वर चालणारी शेवटची आवृत्ती. २०२२ च्या आरंभी आलेल्या ३.१५ ला जावा ११ लागू लागला. कंपाइल केलेल्या प्रत्येक जावा फाइलच्या पहिल्या आठ बाइटांतच ती कोणत्या जावासाठी आहे हे सांगणारा आकडा असतो, जावा ८ साठी ५२ आणि जावा ११ साठी ५५. जुन्या जावाने ५५ पाहिले की तो फाइल उघडायलाच नकार देतो. असा दोष त्रासदायक खरा, पण प्रामाणिक असतो.

सर्वांत फसवा दोष तिसऱ्या प्रकारचा. समजा, लायब्ररीतील एक क्रिया पूर्वी काहीच उत्तर परत देत नव्हती. नव्या आवृत्तीत ती एक वस्तू परत देऊ लागली. आपली मूळ आज्ञावली पुन्हा कंपाइल केली तर काही अडत नाही, कारण मिळालेले उत्तर आपण वापरत नाही, एवढेच. पण आधीच कंपाइल झालेल्या फाइलमध्ये त्या क्रियेची ओळख तिचे नाव, तिला द्यायच्या गोष्टी आणि तिच्या उत्तराचा प्रकार या सर्वांसह लिहिलेली असते. जावा ही ओळख प्रत्यक्ष चालताना शोधतो. उत्तराचा प्रकार बदलला की ओळख जुळत नाही, आणि "अशी क्रियाच नाही" असे सांगून काम थांबते. तेही आज्ञावली सुरू होताना थांबेलच असे नाही. ती ओळ प्रथम चालवण्याची वेळ येईल तेव्हा थांबते. ती ओळ महिनाअखेरच्या हिशेबातली असेल तर महिनाअखेरीस. कॅमलचा गाभा एका आवृत्तीचा आणि एखादी जोडणी दुसऱ्या आवृत्तीची, अशी खिचडी झाली की हा प्रकार हमखास संभवतो. म्हणून सर्व भागांच्या जुळणाऱ्या आवृत्त्यांची एक यादी कॅमल स्वतःच प्रसिद्ध करतो. ती एकदा जोडली की प्रत्येक भागाचा आकडा वेगळा लिहावा लागत नाही.

मग जुनीच का ठेवू नये?

हा प्रश्न रास्त आहे. चालते आहे ते चालू द्यावे, असे व्यवहारी माणूस म्हणेल. त्याचे उत्तर मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एका दोषात मिळते.

कॅमलमधील संदेशाला मजकूर असतो आणि मजकुराभोवती जणू लिफाफा. लिफाफ्यावरच्या नोंदींना प्रोग्रामर हेडर म्हणतात. काही नोंदी कॅमल स्वतःच्या आतल्या कामासाठी वापरतो, जसे कोणती क्रिया चालवायची हे सांगणारी नोंद. यांची नावे 'कॅमल' या शब्दाने सुरू होतात. बाहेरून आलेल्या लिफाफ्यावर अशी नोंद असेल तर ती दारातच पुसली जावी म्हणून एक गाळणी असते. या गाळणीला तो रोमन शब्द ठरावीक रूपांतच ओळखता येत होता: पहिले अक्षर मोठ्या लिपीत, किंवा सर्व अक्षरे लहान. कोणी पहिली दोन अक्षरे मोठी केली की गाळणीला तो शब्द परका वाटे आणि नोंद आत जाई. आत मात्र कॅमल नोंदी शोधताना मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाही. दारावरच्या रखवालदाराने ज्याला ओळखले नाही, त्याला घरातल्या माणसांनी लगेच ओळखले! काही रचनांमध्ये यामुळे बाहेरच्या माणसाला, मार्ग लिहिणाऱ्याच्या मनात नसलेली क्रिया चालवता येत असे. (देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने हा घोटाळा तिच्यात संभवलाच नसता.)

दुरुस्ती निघाली ती ४.१०.२, ४.८.५ आणि ३.२२.४ या आवृत्त्यांत. हे आकडे नीट पाहावेत. ज्याच्याकडे ४.८.४ होती त्याने शेवटचा आकडा बदलला आणि काम झाले. ज्याच्याकडे ४.५ होती त्याच्यासाठी ४.५ ची दुरुस्ती निघालीच नाही. ४.९ वाल्यालाही ४.१० वर जाणे भाग होते. प्रत्येक शाखेची दुरुस्ती कायम करत राहणे कोणत्याही प्रकल्पाला परवडत नाही. काही शाखाच दीर्घकाळ सांभाळल्या जातात. त्यामुळे जो मधला आकडा वर्षानुवर्षे टाळतो त्याला तो एके दिवशी बदलावाच लागतो, आणि तो दिवस निवडणे त्याच्या हाती नसते. मधल्या सर्व आवृत्त्यांचे बदल त्याला त्याच दिवशी, घाईत वाचावे लागतात.

एका वेळी एकच बदल

कॅमल प्रत्येक मधल्या आकड्यासोबत काय बदलले याची मार्गदर्शिका देतो. ४.४ वरून ४.८ वर जाताना फक्त ४.८ ची वाचून भागत नाही. ४.५, ४.६ आणि ४.७ च्याही वाचाव्या लागतात, कारण बदल साठत जातात. वाचताना आपण वापरत असलेल्या जोडण्यांची यादी शेजारी ठेवावी. तीनशेपैकी आपल्या कामाच्या सात-आठच असतात.

पुढचा भाग विज्ञानशिक्षकांच्या ओळखीचा आहे. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा, हे आपण मुलांना शिकवतो. येथेही तेच. आधी जुन्याच आवृत्तीवर चाचण्या लिहून घ्यायच्या. मार्गाच्या दोन्ही टोकांना खऱ्या बँकेऐवजी आणि ई-मेलऐवजी नकली टोके लावता येतात. ठरावीक फाइल आत टाकायची आणि बाहेर नेमके काय येते ते पडताळायचे. या चाचण्या उत्तीर्ण झाल्या की फक्त आवृत्तीचा आकडा बदलायचा, दुसरे काहीही नाही. त्याच बैठकीत "हेही जरा नीटनेटके करू" असा मोह होतो. तो आवरावा, नाहीतर बिघाड झाल्यावर तो कशामुळे झाला हे सांगता येत नाही.

नकली टोकांवरच्या चाचण्यांत मेमरीसारखे दोष सापडत नाहीत. आम्ही संशोधक जुने उपकरण काढून नवे बसवताना काही काळ दोन्ही शेजारी ठेवून नोंदी ताडून पाहतो. तसे येथेही करता येते. खऱ्या संदेशांच्या प्रती नव्या आवृत्तीला द्यायच्या आणि दोघींचे निकाल ताडायचे. मात्र नव्या आवृत्तीचे बाहेरचे टोक बंद हवे, नाहीतर प्रत्येक पालकाला दोन पावत्या जातील.

आज्ञावलीचा आकडा मागे नेणे सोपे असते, पण तिने मधल्या काळात लिहून ठेवलेली माहिती मागे जात नाही. कॅमलच्या एका रीतीत अनेक संदेश गोळा करून त्यांचा एक केला जातो, आणि अर्धवट गोळा झालेले संदेश बाइटांच्या रूपात डेटाबेसमध्ये ठेवता येतात. जुन्या आवृत्तीने ठेवलेली अशी गाठोडी नव्या आवृत्तीला सोडवता येतीलच असे नाही, आणि उलटही. म्हणून आधी आत येणारे दार बंद करतात, अर्धवट कामे पुरी होऊ देतात, डेटाबेसची प्रत काढतात, आणि मग आवृत्ती बदलतात. आपल्या फीच्या उदाहरणात याची वेळ ठरलेली आहे. रात्री बँकेची फाइल येऊन शेवटची पावती रवाना झाल्यावर, आणि सकाळी कार्यालय उघडण्याच्या आधी. शिवाय फी भरण्याची शेवटची तारीख टळून गेलेली असावी.