कॉम्प्युटर हातानेच शिकावा लागतो

ज्या घरातील वडील आयटीआय करून फिटर झाले, त्या घराला पुढील गोष्ट नवी वाटणार नाही. शिकाऊ फिटरच्या हाती पहिल्याच दिवशी मोठे मशीन देत नाहीत, कानस देतात. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, घासायचा, गुण्या लावून पाहायचा आणि फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. हाताला फोड येतात, पण सपाट म्हणजे काय हे त्या हाताला जन्मभर कळते. सॉफ्टवेअर आणि डेटाचे काम शिकण्याची रीतही हीच आहे. हे आज मुद्दाम लिहिण्याचे कारण म्हणजे या शिक्षणाच्या नावावर आपल्या घरांतला पैसा फार झपाट्याने बाहेर जात आहे.

'तीन महिन्यांत डेटा सायंटिस्ट, नोकरीची हमी' अशा जाहिराती मुलांच्या मोबाईलवर रोज येतात. आई अंगावरचा दागिना गहाण ठेवते, वडील सोसायटीतून कर्ज काढतात. आमच्या माहितीतील एका मुलाने असाच कोर्स केला. सगळे व्हिडिओ पाहिले, सर्टिफिकेटही मिळाले. मुलाखतीत त्याच्यापुढे कोरा स्क्रीन ठेवून एका फाईलमधील आकड्यांची बेरीज करायला सांगितली, तेव्हा हात चालेना. दुसऱ्याला पोहताना पाहून पोहता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. एमएस-सीआयटी अनेक वर्षांपासून आपल्याकडे आहे, तिचा उपयोगही आहे. मात्र ती कॉम्प्युटर वापरायला शिकवते. कॉम्प्युटरकडून आपल्याला हवे ते काम करवून घेणे हा पुढचा टप्पा आहे.

मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना पहिली भीती इंग्रजीची. पायथन ही भाषा नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे आणली. ती फुकट मिळते आणि तिचे स्वतःचे राखीव शब्द आहेत फक्त सुमारे पस्तीस. एवढे शब्द आपली मुले आठवड्यात पाठ करतील. खरी अडचण वेगळीच असते. चूक झाली की स्क्रीनवर लांबलचक मजकूर येतो आणि मूल घाबरून खिडकीच बंद करते. तो मजकूर शेवटच्या ओळीपासून वाचावा. काय बिघडले ते तिथे लिहिलेले असते आणि कितव्या ओळीत बिघडले ते त्याच्या वर.

सराव कशावर करावा? परदेशातील घरांच्या किमतींवर करण्यापेक्षा आपल्या बचत गटाच्या वहीवर करावा, असे आम्ही सांगू. समजा बारा बाया दरमहा शंभर रुपये भरतात. ती नोंद लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये स्वतः टाईप करावी. बेरीज बाराशे यायला हवी, येते अकराशे! शोधल्यावर सापडते, की एका चौकटीत '१०० रुपये' असे अक्षरांसह लिहिले गेले. ते मशीनला आकडा वाटत नाही, म्हणून ते बेरजेतून वगळते. ओळखण्याची खूणही सोपी आहे. आपण काही बदल केला नसेल तर आकडे चौकटीत उजवीकडे बसतात आणि अक्षरे डावीकडे. तसेच 'शकुंतला' आणि 'शकुंतलाबाई' या मशीनच्या लेखी दोन वेगळ्या बाया. डेटाच्या कामातला फार मोठा वेळ अशा साफसफाईतच जातो. जाहिरातवाले हे सांगत नाहीत.

यापुढचा धडा व्याजाचा. पाच हजारांचे कर्ज, महिना शेकडा दोन व्याज, दरमहा पाचशे मुद्दल फेड. दहा महिन्यांचे एकूण व्याज किती? आधी कागदावर मांडावे. पहिल्या महिन्याचे शंभर, दुसऱ्याचे नव्वद, असे उतरत उतरत एकूण ५५० रुपये होतात. आता हाच हिशेब पायथनमध्ये लिहावा. बाकी कमी करायची ओळ राहून गेली तर उत्तर येते १०००. व्याज लावण्याआधीच हप्ता वजा केला तर येते ४५०. दोन्ही वेळा प्रोग्राम बिनबोभाट चालतो, चुकीची एकही खूण दाखवत नाही. पहिल्या चुकीत कर्जदार बाईच्या पदरातून ४५० रुपये जास्त जातात, दुसऱ्या चुकीत गटाचे शंभर बुडतात. कागदावर हिशेब केलेल्या माणसालाच हे दिसते. आता मागितल्याबरोबर प्रोग्राम लिहून देणारी एआयची साधने आली आहेत. त्यांना प्रश्न जरूर विचारावेत, पण त्यांनी दिलेले उत्तर ५५० आहे की १००० हे तपासणारे डोके आपले लागते.

शिकवणी फुकटही मिळते. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्यूटोरियल हा उपक्रम उभा राहिला. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ, त्यांपैकी कितीतरी मराठी आवाजात. त्यांची पद्धत आम्हांला विशेष आवडली. अर्ध्या स्क्रीनवर पाठ, अर्ध्यावर आपले काम. पाठ थांबवायचा, तेवढेच स्वतः करायचे, जुळले की पुढे जायचे. जुना दुरुस्त केलेला लॅपटॉप पहिल्या वर्षाला पुरतो. तोही नसेल तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पायथनची सुरुवात करता येते, डोळ्यांना त्रास होतो एवढेच.

पैशापेक्षा अवघड आहे ती जागा आणि वेळ. एका खोलीत टीव्ही चालू, पाहुणे आलेले, आणि भांडी घासून झाल्यावर मुलीच्या वाट्याला येतो तो पेंगुळलेला अर्धा तास. मोबाईल असतो भावाकडे. पालकांनी रोज एक तास ठरवून द्यावा, त्या तासात टीव्ही बंद असावा आणि त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असावा. पहिले दोन महिने दाखवण्यासारखे काही तयार होणार नाही. 'एवढे दिवस काय केलेस?' असे तेव्हा विचारू नये. आज कोणती चूक सापडली, असे विचारावे.

आणि गटाची वही घेताना अध्यक्षबाईंना विचारूनच घ्यावी. टाईप करताना बायांच्या नावांऐवजी क्रमांक टाकावेत, फाईल कोणाला पाठवू नये. कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे गटाबाहेर जाता कामा नये.