लोणारचे खारे पाणी

सूरजागडच्या डोंगरावर पडणारा पाऊस ओढ्या-नद्यांवाटे गोदावरीस मिळतो आणि खडकांतून विरघळलेले क्षार समुद्राकडे नेतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला मात्र बाहेर पडण्याची वाट नाही. उल्कापाताने बसाल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात पाऊस व झरे पाणी आणतात. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवरील त्सो कार सरोवरही असेच खारे झाले. तेथे काळ्या मानेचे क्रौंच विणीसाठी येतात आणि काठच्या गवतावर रानगाढवे चरतात.

लोणारचे पाणी खारट व अल्कधर्मी असूनही निर्जीव नाही. त्यात नीलहरित शैवाल वाढते; काठच्या झाडीत मोर व वानरे वावरतात, हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. त्याच वर्षी या सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

परंतु ज्या बंदिस्तपणामुळे हे जीवन घडले, त्यामुळेच ते नाजूकही आहे. सरोवरात शिरणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. नदीत टाकलेली घाण निदान वाहून जाताना दिसते. येथे आलेले सारे येथेच साचते. सहलीस जाणाऱ्या मुलांना पालकांनी व शिक्षकांनी हे आधी समजावून द्यावे आणि साबण, प्लास्टिक, निर्माल्य काठापासून दूर ठेवावे.