घराची आवराआवर आणि डोईवरचा भार

घटस्थापनेपूर्वी ‘दसरा काढण्याची’ रीत मराठवाड्यात फार जुनी आहे. या दिवसांत वाकळा व गोधड्या धुतल्या जातात, उतरंडीची मडकी खाली उतरविली जातात, पितळेची भांडी चिंच लावून घासली जातात आणि भिंतींना पोतेरे दिले जाते. घरातील बहुतेक वस्तू वर्षातून एकदा अंगणातील उन्हाचे तोंड पाहते. परंतु काम आटोपल्यावर प्रत्येक वस्तू पुन्हा पूर्वीच्याच जागी जाऊन बसते. ती स्वच्छ झाली की नाही, हे पाहिले जाते. ती त्या जागी असावी की नसावी, हे मात्र सहसा पाहिले जात नाही. वास्तविक घराच्या आवराआवरीतील निम्मे महत्त्व या दुसऱ्या प्रश्नाला आहे. लातूर व नांदेड या जिल्ह्यांत तर तो केवळ सोयीचा किंवा शोभेचा प्रश्न नसून जीविताचा प्रश्न आहे.

छपरावरील माती

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणेशविसर्जन करून लोक गाढ झोपी गेले होते. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. या भूकंपाची तीव्रता सुमारे 6.2 होती. इतक्या तीव्रतेच्या भूकंपात एवढी हानी का झाली, याचे मोठे कारण घरांच्या बांधणीत सापडले.

तेथील जुनी घरे माळवदाची होती. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि सर्वांत वर मातीचा थर, अशी त्यांची रचना असे. असे घर उन्हाळ्यात गार राहते व थंडीत ऊब देते, म्हणून या प्रदेशास ते सोयीचे होते. परंतु माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती पसरण्याचा प्रघात होता. जुनी माती न काढता नवी चढत गेल्याने पिढ्यान्‌पिढ्या हा थर वाढतच गेला. भिंतींच्या आतील व बाहेरील दगडांना एकत्र बांधणारे आरपार दगडही बहुधा घातलेले नसत. जमीन हादरताच भिंती उकलल्या आणि दगडांचा व मातीचा तो ढीग झोपलेल्या माणसांवर कोसळला.

या भाराची कल्पना साध्या गणिताने येते. एखादी खोली 3 मीटर लांब व 3 मीटर रुंद आहे आणि तिच्यावर 30 सेंटिमीटर जाडीचा थर आहे, असे समजू. त्या मातीचे घनफळ 2.7 घनमीटर होईल. एका घनमीटर दाबलेल्या मातीचे वजन सुमारे 1,600 किलो धरले, तरी एकूण भार 4,320 किलो, म्हणजे 43 क्विंटलांहून अधिक होतो. पावसात माती भिजली की तो आणखी वाढतो. थर केवळ 10 सेंटिमीटरने कमी केला, तरी 14 क्विंटलांहून अधिक ओझे डोक्यावरून उतरते. म्हणूनच भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीसाठी जे उपाय सुचविण्यात आले, त्यांत भिंतींत आरपार दगड बसविण्याबरोबरच माळवदावरील जास्तीची माती काढणे आणि गळती थांबविण्यासाठी मातीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरणे, हेही उपाय होते. हे काम जाणत्या गवंड्याच्या देखरेखीखाली उन्हाळ्यात करावे. मात्र केवळ माती काढल्याने कच्ची भिंत पक्की होत नाही. भिंतीची दुरुस्ती निराळी करावीच लागते.

आता अनेक ठिकाणी माळवदाची जागा पत्र्याने घेतली आहे. तथापि वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर मोठे दगड ठेवले जातात आणि जुना धोका नव्या रूपाने परत येतो. 21 मार्च 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 व 3.6 तीव्रतेचे दोन धक्के नांदेड व परभणी जिल्ह्यांतही जाणवले. त्यानंतर पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन नांदेड जिल्हा प्रशासनाने नागरिकांना केले. पत्रे दगडांनी दाबून ठेवण्याऐवजी ते आकड्यांनी खालच्या लाकडाला किंवा लोखंडाला घट्ट जखडून टाकणे, हा खरा उपाय होय.

जड ते खाली, हलके ते वर

छपराला लागू असलेला नियम घराच्या आतही लागू पडतो. ज्या वस्तू रोज लागत नाहीत, त्या माळ्यावर टाकण्याची सवय सर्वत्र आहे. त्यामुळे वापरात नसलेले जाते, पाटा-वरवंटा, पितळेचे हंडे आणि लोखंडी पेट्या अशा सर्वांत जड वस्तूच सर्वांत उंच जागी जाऊन बसतात. अशा वस्तू जमिनीवर भिंतीलगत ठेवाव्यात आणि टोपल्या, सुपे, गोधड्यांची गाठोडी यांसारख्या हलक्या वस्तू वर ठेवाव्यात. भांड्यांची मांडणी किंवा कपाट भिंतीला पक्के जखडावे. मुलांचे अंथरूण मांडणीखाली अथवा धान्याच्या पोत्यांच्या थप्पीलगत घालू नये. रात्री दाराच्या वाटेत बाज, सायकल किंवा पोती राहू देऊ नयेत. भूकंप कधी होईल, हे आधी कोणालाही सांगता येत नाही. परंतु काळोखात दाराकडे जाण्याची वाट मोकळी ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे.

कोपरे आणि पाणी

घराच्या कोपऱ्यांचाही असाच विचार केला पाहिजे. सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि तुराट्या घराच्या भिंतीला लागून रचल्या की त्यांच्या आडोशाला विंचू राहतात. सांडलेल्या धान्यावर उंदीर येतात व उंदरांमागे साप येतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना तिचा धोका अधिक असतो. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले. परंतु औषध मिळेपर्यंत गेलेला वेळ परत येत नाही. म्हणून सरपण घरापासून थोडे दूर व जमिनीपासून उंच रचावे, अंथरूण घालण्यापूर्वी झटकावे आणि शक्य असेल तेव्हा बाजेवर झोपावे.

पाणी साठविण्याच्या भांड्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आले. ज्या प्रदेशाने अशी टंचाई पाहिली, तेथील गृहिणीला पिंपे आणि हंडे कमी करा, असे सांगणे योग्य होणार नाही. मात्र डेंग्यू पसरविणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस पुरतात. ही अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटून कोरडी असतानाही अनेक महिने टिकतात. म्हणून केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून प्रत्येक भांडे आतून घासावे, कोरडे करावे आणि भरल्यावर झाकावे. फुटके माठ, जुने टायर व नारळाच्या करवंट्या यांत साचलेले पाणी मात्र कोणाच्याच उपयोगाचे नसते. अशा वस्तू टाकून देण्यास हरकत नाही.

अडगळ कोणती?

शहरातील श्रीमंत घराला लावलेली कसोटी शेतकऱ्याच्या घराला लावता येत नाही. बियाण्याचे गाठोडे वर्षभर वापरले जात नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. जुना दोर, मोडका पाळणा आणि तुराट्यांचा भारा यांना गरिबाच्या घरी काही ना काही उपयोग असतोच. म्हणून ‘ही वस्तू टाकावी काय?’ या प्रश्नापूर्वी ‘ही वस्तू या जागी कोणाला इजा करील काय?’ हा प्रश्न विचारावा. पुष्कळदा वस्तू घालविण्याची गरजच पडत नाही. तिची जागा बदलली की काम भागते.

शाळेचे कार्य

हा विषय प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास व गणित या दोन्हींच्या अनुषंगाने शिकविता येईल. छपरावरील भाराचे उदाहरण वरच्या वर्गातील मुले स्वतः सोडवू शकतील. लहान मुलांना एका काल्पनिक घराचा नकाशा फळ्यावर काढून द्यावा आणि त्यात अंथरूण, मांडणी, धान्य व दार यांची योग्य जागा त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. कोणाच्या घरात काय आहे, याची चौकशी भर वर्गात करू नये; त्यामुळे गरीब मुलाला संकोच वाटतो व पाठाचा हेतू मागे पडतो. शाळेतील कपाटे, नकाशांच्या गुंडाळ्या व जुने बाक यांची पाहणी मात्र मुलांना बरोबर घेऊन अवश्य करावी. जी शाळा आपल्या वर्गाच्या दाराची वाट अडवते, तिच्या उपदेशाला घरी मान मिळत नाही.

दसरा काढण्याच्या दिवसांत सारे घर अंगणात आलेलेच असते. तेव्हा वस्तू पुन्हा आत नेण्यापूर्वी घरातील एका जाणत्या माणसाने छपराकडे, माळ्याकडे, अंथरुणाच्या जागेकडे आणि दाराकडे एकदा नीट पाहावे. या पाहणीला पैसा लागत नाही. जुन्या रीतीत एवढी एक भर पडली, तर घर स्वच्छ होईलच, आणि त्यात झोपणाऱ्या मुलांच्या डोईवरचा भारही हलका होईल.