आत आणि बाहेर : जीव, मन आणि संगणक

गेल्या महिन्यातील पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी मी एका घरी गेलो होतो. घरातील आजी नव्वदीला टेकल्या आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंश जडला. आता त्या पोटच्या मुलालाही ओळखत नाहीत. क्वचित एखादा शब्द उच्चारतात, तोही प्रसंगाला धरून नसतो. प्रार्थना आटोपल्यावर त्यांचा दहावीत शिकणारा नातू मला दारापर्यंत पोहोचवायला आला. हातात मोबाईल होता. तो म्हणाला, "फादर, रागावणार नसाल तर एक विचारू? या मोबाईलमधल्या एआयला माझं नाव लक्षात राहतं. काल मी काय सांगितलं ते आज तो विचारतो. आजीला यातलं काहीच जमत नाही. मग दोघांत जिवंत कोण? आणि ते कशावरून?"

मुलगा उद्धटपणे बोलत नव्हता. आजीच्या उशाशी रात्री जागणारा तोच. मी त्याला "रविवारी मिस्सानंतर भेट" असे सांगून वेळ मारून नेली. खरे म्हणजे उत्तराची जुळवाजुळव करायला मलाच अवधी हवा होता. त्या रविवारी त्याच्याशी जे बोललो, ते थोडे विस्ताराने येथे मांडीत आहे. हाच प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात, कदाचित शब्दांत न उतरता, वावरत असावा.

जिवंत कशाला म्हणावे?

शाळेच्या पुस्तकात आपण सजीवांची लक्षणे पाठ केली : सजीव अन्न घेतो, वाढतो, हालचाल करतो, प्रजनन करतो, वगैरे. ही यादी परीक्षेपुरती ठीक आहे. वणवा लाकूड 'खातो', वाढतो, पसरतो आणि एका आगीतून दुसरी आग पेटते. तरीही आग सजीव नाही. उलट खेचराला बहुधा संतती होत नाही, म्हणून त्याला कोणी निर्जीव म्हणत नाही. विषाणू तर थेट सीमेवरच बसलेला आहे. पेशीबाहेर तो एखाद्या कणासारखा निपचित असतो, पेशीत शिरला की तिच्याकरवी स्वतःच्या प्रती काढून घेतो.

मृत समुद्राजवळील मासादा किल्ल्याच्या उत्खननात १९६० च्या दशकात खजुराच्या काही बिया सापडल्या. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे साधारणपणे प्रभू येशू त्या भूमीवर वावरत होता त्या काळातील. २००५ साली पेरलेल्या बियांपैकी एक बी रुजली! त्या रोपाला बायबलमधील दीर्घायुषी मथुशलहाचे नाव देण्यात आले. वीस शतके त्या बीने ना अन्न घेतले, ना ती वाढली. बाहेरून पाहणाऱ्याने तिला खडाच म्हटले असते.

अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली एक कामचलाऊ व्याख्या केली : स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था म्हणजे जीव. परग्रहावर जीवसृष्टी शोधणाऱ्यांना ती उपयोगी पडते. पण व्याख्या करणे वेगळे आणि जीव समजणे वेगळे. मे २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या चमूने संगणकात साठवलेल्या माहितीवरून एका जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच प्रयोगशाळेत जुळवला. काहींनी 'मानवाने जीव निर्माण केला' अशी हाकाटी केली. प्रत्यक्षात तो जनुकसंच दुसऱ्या एका जिवाणूच्या आधीच जिवंत असलेल्या पेशीत घालावा लागला होता. त्याच चमूने २०१६ साली केवळ ४७३ जनुकांवर जगणारी पेशी तयार केली, तेव्हा त्यांपैकी १४९ जनुके नेमके काय काम करतात हे त्यांनाही ठाऊक नव्हते. हे मी विज्ञानाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. ज्यांनी हे सारे मोजले, त्यांनीच ते प्रामाणिकपणे छापलेही.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्विनास शिकवीत, तेव्हा तेराव्या शतकातील त्यांची भाषा रूक्ष वाटे. आज तीच उपयोगी पडते. ॲरिस्टॉटलच्या पावलावर पाऊल ठेवून ते म्हणतात की, जे स्वतःहून, आतून क्रिया करते ते जिवंत. पुढे ते क्रियांचे दोन प्रकार सांगतात. काही क्रिया करणाऱ्यातून निघून बाहेरच्या वस्तूत जातात : विस्तव पाणी तापवतो, करवत लाकूड कापते. काही क्रिया करणाऱ्याच्या आतच राहतात : संवेदना होणे, समजणे, इच्छिणे. करवत कितीही धारदार असली तरी कापण्याचा करवतीला अनुभव नसतो. वनस्पतीपासून प्राण्यापर्यंत आणि प्राण्यापासून मनुष्यापर्यंत हे 'आतलेपण' वाढत जाते, आणि परमेश्वराच्या ठायी जीवन परिपूर्ण असते.

'आत' या शब्दापायी संगणक

या 'आत'चीच एक गंमत आहे, आणि ती संगणकाच्या इतिहासाशी जोडलेली आहे. रोबेर्तो बुसा नावाचे इटालियन येशूसंघीय धर्मगुरू (१९१३–२०११) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संत थॉमस यांच्या विचारातील 'उपस्थिती' या कल्पनेवर प्रबंध लिहीत होते. 'उपस्थिती' या अर्थाचे लॅटिन शब्द शोधून त्यांच्या हाती फारसे लागेना. मग त्यांच्या ध्यानात आले की, सारा आशय 'इन' या इवल्याशा लॅटिन शब्दात दडला आहे. मराठीत तर त्यासाठी आपल्याला स्वतंत्र शब्दही लागत नाही. 'त' हा प्रत्यय पुरतो. पेल्यात पाणी, घरात माणसे, मनात विचार, ख्रिस्तात जीवन. अक्षर एकच, पण पेल्यातले पाणी आणि मनातला विचार एकाच रीतीने 'आत' असतात काय? बुसांनी तो शब्द असलेली वाक्ये हाताने लिहून काढली. दहा हजार कार्डे भरली.

संत थॉमस यांच्या सर्व ग्रंथांतील प्रत्येक शब्दाची अशी सूची करायची तर यंत्राला पर्याय नाही हे जाणून १९४९ साली ते न्यूयॉर्कला आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. हे काम अशक्य आहे, असे वॉटसन यांच्या तज्ज्ञांचे मत होते. बुसा स्वतः सांगत की, त्यांनी कंपनीच्याच प्रतीक्षालयातील एक घोषवाक्य वॉटसन यांच्यापुढे ठेवले. अवघड काम लगेच करतो आणि अशक्य कामाला थोडा वेळ लागतो, अशा अर्थाचे ते होते. वॉटसन तयार झाले. इटलीतील गॅलाराते येथे तरुण मुलींनी कार्डांवर छिद्रे पाडून शब्द यंत्रात उतरवले. सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची ही सूची १९८० पर्यंत ५६ खंडांत छापून पूर्ण झाली; २००५ पासून ती इंटरनेटवर आहे. मानव्यविद्यांत संगणक आणणाऱ्यांत एका धर्मगुरूचे नाव अग्रभागी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

माझ्या दृष्टीने यातील खरा बोध वेगळा आहे. यंत्राने 'इन' हा शब्द हजारो वेळा अचूक शोधून दिला. परंतु कोणत्या वाक्यात तो पेल्यातल्या पाण्यासारखा आहे आणि कोणत्या वाक्यात अंतःकरणातल्या देवासारखा, हे ठरवायला माणसांनाच बसावे लागले. त्या प्रकल्पात यंत्राच्या तासांपेक्षा माणसांचे तास कितीतरी अधिक खर्ची पडले.

आजचे यंत्र त्याहून पुष्कळ पुढे गेले आहे, हे मान्य केले पाहिजे. आजची संभाषण करणारी प्रणाली अफाट मजकुरातून शब्दांमागून शब्द कसे येतात याचे संबंध आकड्यांच्या रूपात टिपते आणि त्यांच्या आधारे पुढचा शब्द, त्यापुढचा शब्द निवडत जाते. 'इन'चे अर्थही ती आज बऱ्याच अंशी अचूक उलगडून दाखवील. नातवाचे नाव तिला 'लक्षात राहते', म्हणजे ते कोठेतरी नोंदवून ठेवलेले असते आणि पुढच्या संभाषणाच्या वेळी त्या मजकुरासोबत पुन्हा यंत्रात घातले जाते. त्या दोन संभाषणांच्या मधल्या रात्री त्या मुलाची वाट पाहणारे तेथे कोणी नसते.

तरीही आपल्याला तेथे 'कोणीतरी' आहे असे वाटते. हे नवे नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाची अगदी साधी संभाषण-प्रणाली प्रसिद्ध केली. समोरच्याचेच वाक्य उलटवून ती प्रश्न विचारी. प्रणाली कशी बनली हे डोळ्यांसमोर पाहिलेल्या त्याच्या सेक्रेटरीनेही थोड्याच वेळात त्याला खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, कारण तिला यंत्राशी खासगी बोलायचे होते! वायझेनबॉम या प्रकाराने इतका अस्वस्थ झाला की, पुढे तो संगणकाच्या अवास्तव स्तुतीचा कठोर टीकाकार बनला. बोलणाऱ्याच्या मागे मन असते, असे मानायची आपल्याला सवय आहे. ती सवय चांगलीच आहे. तिच्यावाचून आई बाळाशी बोललीच नसती.

मेंदूशी तुलना करताना काही आकडे बोलके ठरतात. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि तो जवळजवळ २० वॅट ऊर्जेवर, म्हणजे एखाद्या मंद दिव्याइतक्या खर्चात, चालतो. मात्र माझा भर या आकड्यांवर नाही. उद्या यंत्र काटकसरीही होईल. मार्च २०१६ मध्ये 'अल्फागो' या प्रणालीने 'गो' या पटावरील खेळात कोरियाच्या ली सेडॉल यांना चार विरुद्ध एक असे हरवले. त्या एका विजयाचा आनंद आणि चार पराभवांचे शल्य दोन्ही सेडॉल यांनी भोगले. अल्फागोच्या वाट्याला दोहोंपैकी काहीच आले नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. मन म्हणजे एक प्रकारची आकडेमोडच, असे मानणारे विचारवंत आहेत, आणि चेतना कशी उद्भवते हा प्रश्न विज्ञानाने अद्याप सोडवलेला नाही. संगणकशास्त्राचे एक जनक ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० सालच्या आपल्या प्रसिद्ध लेखात धार्मिक आक्षेपालाही उत्तर दिले होते. देव सर्वसमर्थ असेल तर त्याला यंत्रात आत्मा घालण्यास मनाई करणारे आपण कोण, असा त्यांचा आशय होता. आपण फक्त घर बांधतो, आत्मा देणारा तोच. युक्तिवाद चतुर आहे, आणि देवाला काय शक्य आहे याची मर्यादा मी ठरवणार नाही. पण आत्मा हा घरातला भाडेकरू नव्हे, किंवा मोटारीतला ड्रायव्हरही नव्हे. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार आत्मा देहाला देहपण देतो. दोघे मिळून एकच मनुष्य. आजींच्या बोटाला खरचटले तर ती जखम आतून भरून येते. मोबाईलची काच फुटली तर दुकानात न्यावी लागते.

२८ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे संत थॉमस अक्विनास यांच्या स्मरणदिनी, व्हॅटिकनने 'अँटिक्वा एत नोव्हा' हे कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे टिपण प्रसिद्ध केले. पोप फ्रान्सिस त्या वेळी हयात होते व त्यांनी त्यास संमती दिली होती. कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीचे दुसरे रूप नसून तिचे अपत्य आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मनुष्याचे मोल त्याच्या कौशल्यावर वा बौद्धिक कर्तृत्वावर अवलंबून नसून तो देवाच्या प्रतिमेत निर्मिलेला आहे यावर आहे, असे सांगताना त्यात न जन्मलेले बालक, बेशुद्ध व्यक्ती आणि पीडित वृद्ध यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बुद्धी हेच माणूसपणाचे माप ठरवले, तर अधिक हुशार यंत्र येताच आजी त्या मापात उणी पडणार. म्हणजे धोका यंत्राच्या हुशारीत नाही, आपण हाती घेतलेल्या मापात आहे.

संत थॉमस यांनी स्मृतिभ्रष्टांचाही विचार केला होता. शरीरातील इंद्रियाला इजा झाली की स्मरणात अडथळा येतो, आणि पूर्वी जाणलेल्या गोष्टीही मनुष्याला समजेनाशा होतात, असे ते लिहितात. अडथळा येतो तो वापरात. जाणणारी व्यक्ती नाहीशी झाली, असे ते म्हणत नाहीत.

हे सारे त्या मुलाला मी अर्थातच इतक्या जड भाषेत सांगितले नाही. सगळे ऐकून त्याने विचारले, "म्हणजे मी बोलतो ते आजीला कळतं?" मला ठाऊक नाही, असेच मी त्याला सांगितले. शाळेत काय झाले ते तिला रोज सांगत जा, एवढे मात्र सुचवले. तो म्हणाला, "ती मधेच भलतंच काहीतरी बोलते." "मग तेही ऐक," मी म्हणालो.

जाता जाता एक सूचना. स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या माणसाला 'काही कळत नाही' म्हणून अनेक कुटुंबे धर्मगुरूंना बोलावीतच नाहीत. अशा आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देता येते. घास गिळणे अवघड असल्यास होस्तियाचा अगदी लहान तुकडा देता येतो. तेही जमत नसेल तर ख्रिस्तरक्ताचा थेंबही देता येतो, मात्र त्यासाठी आधी कळवावे लागते. शुद्धीवर असताना ज्यांनी तैलाभ्यंग मागितला असता, त्यांना तोही देता येतो. घरात असे कोणी असल्यास पुढील पहिल्या शुक्रवारपूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात नाव व पत्ता नोंदवावा.