मुंबई खरोखर एका तासावर आहे काय?

अंतर सांगण्याची आपली रीत काळाबरोबर बदलत आली आहे. आपले पूर्वज कोसांनी आणि मुक्कामांनी हिशेब करीत. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ च्या सुमारास, डभोई-मियागाम रेल्वेचे डबे बैल ओढीत असत. पुढे इंजिने आली, मैल आले. आणि आता विमानामुळे आपण सरळ तासच सांगू लागलो. ‘मुंबई म्हणजे काय, एका तासाचा प्रवास!’ असे बडोद्याच्या घराघरांतून सहज म्हटले जाते. मुंबईस एखादे वडीलधारे माणूस अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, म्हणजे मात्र हा तास खरा किती, हे नीट पाहावे लागते.

हरणीचा विमानतळ आणि मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ यांत सरळ रेषेने सुमारे ३६० किलोमीटर अंतर आहे. बडोदे ते मुंबई सेंट्रल हा लोहमार्ग सुमारे ३९० किलोमीटरांचा. म्हणजे आकाशमार्गाने वाचतात ते अवघे तीसेक किलोमीटर! दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, आणि भडोच, सुरत, वलसाड करीत जाणारी रेल्वेही तशीच दक्षिणेकडे उतरते. दिल्लीची गोष्ट निराळी. तेथे विमानाची वाट सुमारे ८०० किलोमीटर, तर रेल्वेची जवळजवळ १,०००.

शिवाय वेळापत्रकात दिलेला तास-सव्वा तास सगळाच उडण्याचा नसतो. विमान जागेवरून हलले की वेळ सुरू होते आणि मुंबईस जागेवर उभे राहिले की संपते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, वाऱ्याकडे तोंड करून झेप घेणे, उतरण्यासाठी मुंबईच्या आकाशात ताटकळणे, हे सारे त्यातच आले.

आता वाघोडियाहून दादरला निघालेल्या कुटुंबाचा हिशेब मांडू. हरणीपर्यंत पाऊण तास. विमानतळावर दोन तास आधी हजेरी. सव्वा तास प्रवास. सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. पुढे दादरपर्यंत रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास, नसेल तर त्याहून अधिक. एकूण सव्वापाच तास झाले! २०२२ साली सुरू झालेली वंदे भारत गाडी बडोद्याहून चार-साडेचार तासांत मुंबई गाठते. स्टेशनवर जाण्यायेण्याचा वेळ धरला तरी सहा तासांत मनुष्य घरी पोहोचतो.

दिल्लीस जाताना मात्र दीड तासाच्या उड्डाणापुढे रेल्वेची सारी रात्र जाते. तेथे विमानाची सोय निर्विवाद. मुंबईचा निरोप आला तर आधी एवढेच पाहावे, की पुढचे विमान किती वाजता आणि पुढची गाडी किती वाजता. विमाने दिवसातून मोजकीच. गाड्या रात्रंदिवस धावतात. संध्याकाळच्या विमानाची वाट पाहत बसण्यापेक्षा दुपारच्या साध्या गाडीने निघालेला मुलगा आईच्या उशाशी आधी पोहोचेल.