मालवाहू गाडीचा स्वयंचलित गिअरबॉक्स : निवड व निगा

रावेर, यावल, चोपडा व शिरपूर या भागांतील केळीचा बराचसा माल ट्रकने उत्तर भारताकडे जातो. घड हिरवे असतानाच कापले जातात. परंतु कापणीनंतरही फळ पिकण्याची क्रिया चालूच राहते व उष्णतेने ती वेग घेते. म्हणून धुळे–इंदूर मार्गावरील बिजासन घाटात ट्रक बंद पडल्यास दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मालाचे नुकसान अधिक होते. क्लच दाबावा न लागणारी गाडी घेऊ इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी तिच्या गिअरबॉक्सचे प्रकार प्रथम समजून घ्यावेत.

(१) पहिल्या प्रकारात इंजिनाची शक्ती तेलात फिरणाऱ्या पात्यांच्या द्वारे चाकांकडे जाते. यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. मोटारगाड्यांत हा प्रकार १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ होऊ लागला. वारंवार थांबणाऱ्या व निघणाऱ्या जड गाड्यांत तो दीर्घकाळ टिकतो. मात्र किंमत अधिक असते व तेल तापल्यास आतील क्लच झिजतात.

(२) दुसऱ्या प्रकारात नेहमीचाच गिअरबॉक्स व क्लच असतो. फक्त ते हलविण्याचे काम हवेच्या अथवा तेलाच्या दाबाने किंवा विजेवर होते. यास एएमटी म्हणतात. लांब पल्ल्याच्या जड ट्रकांत हाच प्रकार विशेष रूढ आहे. रचना परिचित असल्याने क्लच-प्लेट बदलणे सोपे जाते. परंतु नियंत्रक यंत्रणेतील दोष शोधण्यास संगणकाची गरज लागते.

(३) पोलादी पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी हा प्रकार हलक्या गाड्यांसाठी योग्य होय. जड भाराखाली पट्टा घसरून खराब होतो.

(४) दोन क्लचांच्या प्रकारात कोरडे क्लच असल्यास संथ रहदारीत ते लवकर तापतात.

यावरून असे दिसून येईल की, गिअरबॉक्सचा टिकाऊपणा केवळ कंपनीच्या नावावर अवलंबून नसून, गाडीच्या कामास त्याची रचना कितपत मानवते यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात जळगावचे तापमान अनेकदा ४४ अंशांपलीकडे जाते. तेलाचे तापमान सुमारे १० अंशांनी वाढल्यास त्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्यामुळे निगेस येथे विशेष महत्त्व आहे.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

चढावर गाडी ॲक्सिलरेटरच्या जोरावर थोपवून धरू नये, ब्रेक लावावा. एएमटी गाडीत या एका सवयीने क्लच जळतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे व जड भार आणि उष्णता लक्षात घेऊन ते मुदतीपूर्वीच बदलावे. तेल थंड ठेवणाऱ्या जाळीतील धूळ व कचरा काढीत जावा. मान्य वजनापेक्षा अधिक माल भरू नये. खरेदीपूर्वी जळगाव अथवा धुळे येथे त्या प्रकारचा कुशल कारागीर व सुटे भाग मिळतात की नाही, याची खात्री करून घ्यावी. ही सोय जवळ नसल्यास हाताने गिअर बदलण्याची गाडीच अधिक भरवशाची ठरेल.