चकरी का फिरते?

आमच्या बालीगंजातल्या एका मराठी काकूंनी परवा विचारलं, "कर्नलसाहेब, बंगाली मालिका लगेच लागते. आपलं जुनं नाटक लावलं की चकरी फिरत बसते. असं का हो?"

प्रश्न रसदीचा आहे. फौजेत दारूगोळा दर वेळी कारखान्यातून मोर्चावर जात नाही, पुढच्या डेपोत आधीच भरलेला असतो. व्हिडिओचे डेपो म्हणजे शहरोशहरी, इंटरनेट पुरवठादारांच्या जवळ ठेवलेले सर्व्हर. नेटफ्लिक्सनं आपली अशी यंत्रणा, 'ओपन कनेक्ट', २०१२ मध्ये जाहीर केली. पण डेपोत जागा मोजकी, म्हणून खपणारा माल आधी. कोलकात्यात जुनं मराठी नाटक मागणार किती जण? मग ते लांबून आणावं लागतं.

समजा, मुंबईहून. सरळ रेषेत सुमारे १,६५० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन १६-१७ मिलिसेकंद. हे काहीच नाही. पण पहिलं चित्र दिसण्याआधी पत्ता विचारणं, जोडणी, कुलूपकिल्ली अशा अनेक खेपा होतात, आणि वाटेत गर्दी असतेच. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या 'क्विक' पद्धतीनं यातल्या काही खेपा वाचवल्या.

खरी बचत पहिल्या तुकड्यात आहे. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. चार सेकंदांचा तुकडा ५ मेगाबिट दर्जाचा असेल तर तो २० मेगाबिट भरतो. लाइन ४ मेगाबिटची असली की झाली पाच सेकंदांची चकरी! तोच तुकडा अर्ध्या मेगाबिट दर्जाचा घेतला तर अर्ध्या सेकंदात हजर. सुरुवातीला चित्र धूसर दिसून मग स्वच्छ होतं, ते यामुळे. काकू, तो तुमच्या चष्म्याचा दोष नाही.

कंपन्या एवढा आटापिटा का करतात? कृष्णन आणि सीतारामन यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की दोन सेकंदांनंतर प्रेक्षक सोडून जाऊ लागतात. पुढच्या प्रत्येक सेकंदाला गळती ५.८ टक्क्यांनी वाढते.

मराठी नाटकावर इलाजही जुनाच आहे. १९९९ मध्ये सेन, रेक्सफर्ड आणि टाउस्ली यांनी सुचवलं होतं, की जवळच्या सर्व्हरवर फक्त सुरुवातीचा भाग ठेवा. तो चालू असताना बाकीचा मागून येतो. तीन तासांच्या नाटकाला जागा नसेल, पण पहिल्या दोन मिनिटांना नक्की असते. परप्रांतातल्या थोड्याथोडक्या प्रेक्षकांसाठी एवढं करायला काय हरकत आहे?